पाच वर्षांनंतरची फाइल

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच वर्षे सरली की खान्देशातले घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि परळच्या टाटा रुग्णालयाची फाइल कपाटात जाते. हा दिलासा खोटा नाही. रोग उलटतो तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. पण काहींना तो पाच वर्षांनंतरही गाठतो: यकृतात, पोटाच्या आतल्या आवरणात, उरलेल्या जठरात. या उरलेल्या भागात तर कधी २० वर्षांनीही नवा कर्करोग उद्भवू शकतो.

दोन घासांत पोट भरते, वजन उतरते, शौचाला डांबरासारखी काळी होते. खापर मात्र शेवभाजीवर आणि पित्तावर फुटते. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी येते, आणि त्यात महिने जातात. रेल्वे कर्करुग्णाला तपासणीसाठीही स्लीपरमध्ये मोफत नेते, हे खरे. पण ऐन कापूस वेचणीत जळगावहून ४०० किलोमीटरवर जाताना बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातला एक दिवस जुन्या कर्करुग्णांसाठी राखलाच पाहिजे. तिथे हिमोग्लोबिन तपासावे, शंका येताच दुर्बीण घालावी. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ जन्मभर लागते, बहुधा इंजेक्शनने. ते देताना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने रुग्णाला वजनकाट्यावर उभे करावे, मागचा आकडा ताडून पाहावा, आणि घट दिसली तर त्याच आठवड्यात चिठ्ठी द्यावी.