घरालाही डेड स्टॉक रजिस्टर हवे

भाड्याच्या घरात मालकाची वस्तू बिघडली की "काय झाले?" असे कुणी विचारत नाही. "कुणाच्या हातात झाले?" असे विचारतात. ज्याच्या हातात झाले त्याने भरायचे, हा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा. माझ्या मते तो अन्यायाचा आहे, आणि तो मोडायला कोर्टाची नव्हे, एका कागदाची गरज आहे.

आमचेच उदाहरण घ्या. फोंड्याला आम्ही राहतो तो फ्लॅट 'सेमी फर्निश्ड'. स्वयंपाकघरात मालकांचा फ्रिज होता. करारनाम्यात त्याची नोंद एवढीच : 'फ्रिज - १'. दुसऱ्या पावसाळ्यात, चवथ चार दिवसांवर आली असताना, तो बंद पडला. मेकॅनिकने मागची बाजू उघडून दाखवली. कॉइल गंजलेली, कॉम्प्रेसर गेलेला. "ह्याचे वय झाले," एवढेच तो म्हणाला. मालकांना फोन केला तर उत्तर तयार होते : "तुमच्या हातांत बिगडलो न्हय? मागीर तुमीच पळयात." वर डिपॉझिटची आठवण. सौ.ने फ्रिजमधला भाजीपाला शेजारणीकडे नेऊन ठेवला. शेवटी मी मेकॅनिककडून कारण लिहून घेतले, ते पत्राला जोडून मालकांना पाठवले. महिनाभर घासाघीस झाली. मग मालक फ्रिज उचलून घेऊन गेले आणि आम्ही आमचा लहानसा घेतला. डिपॉझिटला हात लागला नाही, पण जिन्यावर भेट झाली की पूर्वीसारखे बोलणे होत नाही. पैशापेक्षा हे नुकसान मोठे.

आता बघा, फ्रिज मरतो कशाने? आपली हवा खारी आणि दमट, त्यामुळे लोखंड, तांबे लवकर खाल्ले जाते. पावसाळ्यात वीज जाते-येते. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरला आतला दाब उतरायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच वीज परतली तर त्याच्यावर ताण येतो. म्हणून तर चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये उशिरा चालू होण्याची सोय असते. दहा-बारा पावसाळे असे सोसलेला फ्रिज शेवटचा श्वास सोडतो तेव्हा जो भाडेकरू घरात असेल तो आरोपी! आधीच्या तिघांनी त्याच फ्रिजचे पाणी प्यायले, त्यांना कोण विचारतो?

मी सरकारी कारकून. आमच्या कचेरीत मोडक्या खुर्चीचीही नोंद असते. कधी घेतली, कितीला घेतली, कुठल्या खोलीत आहे. निकामी झाली की ती रीतसर रद्दबातल करतात. जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ मध्ये नियम २१७ आहे. वस्तू निष्काळजीपणाने किंवा खोडसाळपणाने निकामी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करा, असे तो सांगतो. म्हणजे वापराने झिजली तर त्या खुर्चीवर शेवटी बसलेल्याच्या पगारातून कापून घेत नाहीत. सरकारी कारभाराला लोक नावे ठेवतात, पण एवढा विवेक तरी त्यात आहे.

घरमालकांचीही बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडून काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. सुरी आतल्या नळीला लागली की गॅस गेलाच. तो खर्च भाडेकरूनेच द्यायला हवा. वाद आहे तो कारणाचा. झीज मालकाची, निष्काळजीपणा भाडेकरूचा, इतके हे सोपे आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ घराबद्दल हेच सांगते : जसे घेतले तसे परत करा, पण वाजवी वापराने झालेली झीज सोडून. घराला जो न्याय तो फ्रिजला का नसावा?

मात्र कायद्यावर विसंबून राहू नका. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेल्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले आहे, हे चांगले. पण त्याच्याच परिशिष्टात गिझरची, स्वयंपाकघरातल्या जोडण्यांची आणि विजेच्या उपकरणांची दुरुस्ती भाडेकरूच्या वाट्याला टाकली आहे, करारात वेगळे ठरले नसेल तर! म्हणजे फिरून गोष्ट करारापाशीच येते. गोव्यात मुंडकाराला १९७५च्या कायद्याने आधार दिला. अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा आधार म्हणजे त्याने सही केलेला कागद.

म्हणून माझे म्हणणे, चावी घेताना कराराला एक पान जोडा. त्यावर वस्तूचे नाव, खरेदीचे साल, आजची अवस्था आणि फोटो असू द्या. किरकोळ दुरुस्ती कुणाची, मोठी कुणाची, तेही लिहा. खाली दोघांच्या सह्या. बिघाड झाला की त्याच दिवशी लेखी कळवायचे आणि मेकॅनिकचे कारण लिहून घ्यायचे. याला अर्धा तास लागतो. "आपल्यात कागद कशाला?" असे म्हणणारे मालक भेटतील. त्यांना हसून सांगा, आपल्यात बिघडू नये म्हणूनच.