तुलना गटातल्या बाया

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बाई वाचते, हे आज आशाताईसुद्धा घरोघरी सांगते. पण त्याचा जगात मानला गेलेला एक मोठा पुरावा आपल्या शेजारच्या गावांतल्या बायांच्या अंगावरून गेला आहे. ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असते.

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. आपल्या बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्ही चाचणी झाली, काहींत पॅप, काहींत व्हिनेगर लावून नजरेने तपासणी. चौथ्या भागातल्या ३१ हजारांवर बायांची तपासणी केली नाही. त्यांना तपासणी कुठे होते एवढे सांगितले आणि सोडून दिले. याला म्हणतात तुलना गट.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार बायांत या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तुलना गटात बाया कमी असूनही ६४ गेल्या. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठे यश आहे, आणि ते मी नाकारत नाही. त्या ६४ जणी मात्र आकड्यात बसल्या, बातमीत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तमिळनाडूच्या दिंडीगुलमध्येही असेच अभ्यास झाले. तपासणी न झालेल्या बाया तिन्ही ठिकाणी मिळून १ लाख ३८ हजारांवर होत्या. त्यांच्यातल्या किमान २५४ जणी याच कॅन्सरने गेल्या, असे टीकाकारांनी मोजून मांडले आहे. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेचा सरकारी पैसा होता. बायांना संमतीसाठी पुरेशी माहिती दिली गेली नाही, असा ठपका तिथल्याच देखरेख कार्यालयाने ठेवला.

संशोधकांची बाजू अशी की त्या काळी सरकारचा तपासणी कार्यक्रमच नव्हता. त्या बायांना एरवीही काही मिळत नव्हते, मग आम्ही काय हिरावून घेतले? ऐकायला हे बिनतोड वाटते. मला ते पटत नाही. पॅप चाचणीने श्रीमंत देशांत मृत्यू घटले होते, हे १९९९ च्या कितीतरी आधी माहीत होते. गरिबाला काही मिळत नाही हीच सोय धरून त्याला 'काही न मिळणारा गट' करायचे, हे न्यायाचे गणित नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा मुंबईच्या मलबार हिलवर असा गट कोणी पाडला असता का?

आणि संमती! वॉर्डात ती कशी घेतात हे मी पाहिले आहे. संध्याकाळी राउंडच्या घाईत कागद पुढे येतो, बोट शाईच्या पॅडवर टेकवले जाते, "डॉक्टर थांबलेत, करून टाका मावशी." मावशी विचारते, "कशाचं आहे बाई?" उत्तर येते, "तुमच्या भल्याचंच आहे." हे उत्तर म्हणजे माहिती नव्हे.

२००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्ही लस देताना वसतिगृहाच्या वॉर्डननीच संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक शेरे मारले. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचे कारण लस होती असे चौकशीत सिद्ध झाले नाही. लस चांगली आहे, मुलींना जरूर द्या. प्रश्न लसीचा नाही, आई-बापाला विचारले का याचा आहे.

२०१९ च्या नियमांनी बरेच सुधारले. नैतिकता समितीत किमान सात सदस्य, त्यात एक बाई आणि एक सामान्य नागरिक लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई. पण ती 'सामान्य नागरिक' आपल्या वस्तीतली असते का? विडी कामगारांच्या वसाहतीतून कोणी बसते का? मी तरी पाहिलेली नाही.

तेव्हा कोणी रक्त किंवा नमुना मागायला आले तर त्यांना विहारात बोलवा. मराठीत वाचून दाखवायला सांगा. मी कोणत्या गटात आहे, काही झाले तर कोणाकडे जायचे, नमुना नंतर कुठे जाणार, मधेच नको म्हटले तर उपचार बंद होतील का, हे विचारा. शेवटच्याचे उत्तर 'नाही' असेच असले पाहिजे. कागदाची प्रत घरी ठेवा.

राहिला प्रश्न परतफेडीचा. देशात ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायांचीही ही तपासणी आजवर झालेली नव्हती, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनात भर व्हिनेगरच्या तपासणीवर आहे. मुंबईत ती दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, म्हणून ती चुकवू नका. पण उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मृत्यूंत ठळक फरक पडला नव्हता, पडला तो एचपीव्ही चाचणीने. ती चाचणी सोलापूर आणि धाराशिवच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाली पाहिजे. आपल्या महिला मंडळांनी ही मागणी लेखी करावी, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.