टँकरच्या पाइपाचं तोंड
मुंबईच्या भांडुप जलशुद्धीकरण संकुलात गाळून, क्लोरीन घालून निघालेलं पाणी अंधेरी-बोरिवलीच्या सोसायटीपर्यंत बहुधा चांगलंच येतं. खरी गंमत फाटकाच्या आत सुरू होते. उन्हाळ्यात टँकर येतो, क्लीनर जाडजूड पाइप ओढत आणतो, मघापर्यंत गटाराच्या झाकणावर लोळत असलेला, आणि त्याचं तोंड थेट जमिनीखालच्या टाकीत बुडवतो. टँकरच्या दरावरून सर्वसाधारण सभा डोक्यावर घेणारे आपण त्या तोंडाकडे ढुंकूनही पाहत नाही. खरं तर त्याला झाकण हवं, वापरण्याआधी ते क्लोरीनच्या पाण्याने धुवायला हवं आणि टाकीतल्या पाण्यापासून वीतभर वर धरायला हवं. चाळींचं दुखणं निराळं: नळाला थेट जोडलेला टिल्लू पंप. बंदी आहे, तरी घरोघर घरघरतो. त्याच्या ओढीने जलवाहिनीतला दाब उतरतो, गटारातून गेलेल्या गळक्या जोडातून घाण आत खेचली जाते, आणि ती पंप न लावणाऱ्या शेजाऱ्याच्या हंड्यातही पडते. पाणी वाटेत असं बिघडलं का, याचा अंदाज उरलेल्या क्लोरीनवरून येतो: भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. ते तपासायचं किट सोसायटीच्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त मिळतं.