अंगणाखालची टाकी: खर्चाचे आकडे दोन मागा

न्यू जर्सीत आपली मंडळी जुनी घरं घेतात. शाळा चांगली, ट्रेन जवळ, शेजारही ओळखीचा. डाउन पेमेंटमध्ये कधी आई-बाबांनी तिकडचा फ्लॅट विकून दिलेले पैसे असतात. म्हणून स्पष्टच सांगायला हवं: सही करण्याआधी अंगणाखाली तेलाची टाकी आहे का, ते बघा.

पूर्वी इथे कित्येक घरं तेलावर तापवली जात. त्यासाठी पोलादी टाकी जमिनीत पुरलेली असे. ५५० गॅलनची, म्हणजे सुमारे दोन हजार लिटरची, सर्रास सापडते. पुढे घरात गॅस आला, टाकी तिथेच गंजत राहिली. भिंतीलगत जमिनीतून वर आलेले पाइप ही तिची खूण. पेट्रोल पंपांच्या टाक्यांना १९८८ पासून केंद्र सरकारचे नियम लागू आहेत. घरच्या हीटिंग तेलाच्या टाक्या त्यातून वगळलेल्या आहेत. इथे राज्याचे आणि गावाचे नियम बघावे लागतात.

"टाकी बंद करायला किती लागतील?" याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विसंबू नका. पहिला आकडा ठरावीक कामाचा: परमिट, उरलेलं तेल उपसणं, टाकी धुणं, खोदून काढणं, मातीचे नमुने, खड्डा भरणं. दुसरा आकडा गळती निघाली तर, आणि घर बुडवतो तो हाच.

हिशेब करून बघा. दहा फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यातून ३७ घनयार्ड माती निघते. यार्डाला दीड टन धरला तर साधारण ५५ टन. तेल चारही बाजूंनी फक्त तीन फूट पुढे झिरपलेलं असेल, तर तेवढ्याच खोलीत माती जवळजवळ १४० टन होते, म्हणजे अडीचपट! ती उचलून नेण्याचे पैसे टनावर. तेल भूजलापर्यंत गेलं तर खर्च आणखी वाढतो. घराच्या विम्यात हे बहुधा धरलेलं नसतं.

तेव्हा टाकी शोधणारी तपासणी करून घ्या. टाकी निघाली तर राज्याचा परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून टनाचा दर लेखी घ्या. काम शक्यतो विकणाऱ्याकडूनच आधी पूर्ण करून घ्या, कागद हातात घ्या. टाकी जागेवरच वाळूने भरून टाकली असेल, तर मातीचा अहवाल मागा.

चढाओढीत घर हातचं जाईल या भीतीने तपासणी सोडू नका. घर दुसरं मिळेल. आई-बाबांची पुंजी पुन्हा उभी राहणार नाही.