कुकडीचा उतार आणि वाटपाचा न्याय

आळेफाट्यावर पुणे-नाशिक व कल्याण-नगर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. या चौकात पाण्याचा विषय निघाला की प्रत्येक जण आपल्या तालुक्याची बाजू घेतो. नदीची बाजू मात्र कोणी मांडत नाही. ती समजण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

ॲमेझॉन पेरूमधील अँडीज पर्वतात उगम पावते. पॅसिफिक महासागर तेथून दोनशे किलोमीटरांच्या आत. तरीही त्याकडे पाठ फिरवून ती सुमारे 6,400 किलोमीटर वाहते व अटलांटिकला मिळते. आपली कुकडीही तशीच. नाणेघाटाच्या परिसरात, अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरांच्या आत उगम पावून ती पूर्वेला वळते आणि घोड, भीमा, कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराला जाते.

फरक आहे तो पावसाचा. अटलांटिकचे बाष्प अँडीज अडवतो व ते ॲमेझॉनच्याच खोऱ्यात बरसते. येथे वारे पश्चिमेचे. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेचे पठार पर्जन्यछायेत राहते. म्हणजे घाटमाथ्याचे पाणी अवर्षणग्रस्त मुलखाकडे नेणे, हे कुकडीचे निसर्गदत्त कार्य आहे.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने तेच कार्य हाती घेतले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पाणी नेण्याचा हेतू रास्तच आहे. परंतु डिंभ्याच्या जलाशयात ज्यांची गावे व शेते बुडाली, त्या आदिवासींच्या घाटमाथ्यावरील वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. आणि कालव्याच्या शेवटाचा कोरडवाहू शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसतो. मधल्या पट्ट्यात ऊस पाणी पितो. तेव्हा खरा संघर्ष जुन्नर विरुद्ध कर्जत असा नाही. तो पाण्यावर पकड असलेले आणि नसलेले यांच्यातील आहे. तालुक्यांचे भांडण पेटते ठेवण्यात पहिल्या वर्गाचे हित आहे.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून वेगळा मार्ग दाखविला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर वाटायचे; भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा; ऊस घ्यायचा नाही. हे तत्त्व लहान योजनांपुरते ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आवर्तनाची मागणी करताना तीन गोष्टींचा आग्रह धरावा : धरणग्रस्तांच्या वाड्यांना प्रथम पिण्याचे पाणी, कालव्याच्या शेवटाला हमखास पाणी आणि बारमाही पिकांवर मर्यादा. नदीने आपला उतार केव्हाच ठरविला आहे. वाटपाची दिशा आपण ठरवावयाची आहे.