हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. लग्नात हात सैल सुटला की ती पुढे येते, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडी तर ती कायमचीच बसलेली असते. माझ्याकडे २००३ सालची मारुती जिप्सी आहे आणि गेली अकरा वर्षे मी ती सांभाळतो आहे. एवढ्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की निदान गाडीच्या बाबतीत ही म्हण खोटी आहे. हौसेला मोल असते. ते रुपयांत, तासांत आणि धोक्यात मोजता येते. ज्याला ते मोजायचे नसेल त्याने जुनी गाडी घेऊ नये.

हे लिहायचे कारण म्हणजे मला येणारे दोन प्रकारचे फोन. शाळेतून जाऊन पुढे अधिकारी झालेला एखादा मुलगा विचारतो, ‘सर, एक जिप्सी पाहिली आहे, लिलावातली आहे, स्वस्त मिळतेय. घेऊ का?’ काही दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन येतो, ‘सर, तुम्हीच नाद लावलात, आता तुम्हीच समजवा.’ दोघांनाही एकच उत्तर देता यावे म्हणून हा लेख.

आधी गाडीविषयी थोडे. जिप्सी भारतात डिसेंबर १९८५ मध्ये आली. सुझुकीच्या छोट्या जीपचा हा लांब केलेला अवतार. पहिले इंजिन ९७० सीसीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे. १९९६ मध्ये १,३०० सीसीची जिप्सी किंग आली, आणि २००० साली कार्बुरेटर जाऊन एमपीएफआय आल्यावर ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. शिडीसारखी चासी, पुढेमागे अखंड अॅक्सल, चारही चाकांना पाटे, आणि चढावर लागणारा लो गिअरचा वेगळा दांडा. वजन एक टनाच्या आसपास, त्यामुळे चिखलात रुतली तरी चार जवान ढकलून काढतात. लष्कराने अशा तीस हजारांहून अधिक गाड्या घेतल्या. सुरक्षा आणि प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा २०१९ मध्ये नागरी बाजारासाठीचे उत्पादन थांबले. आपल्या कॅडेटना ही गाडी का आवडते हे वेगळे सांगायला नको. गणवेश आणि जिप्सी ही जोडी ते लहानपणापासून पाहत आले आहेत.

आता मोल. माझ्या वहीतला गेल्या वर्षीचा हिशेब जसाच्या तसा देतो. तेल, फिल्टर, प्लग अशी नेहमीची सर्व्हिसिंग ६,५०० रुपये. पाच टायर २७,५००. पुढच्या अॅक्सलच्या किंगपिन बेअरिंग आणि सील, मजुरीसह ९,०००. पाट्यांना पुन्हा कमान देणे आणि बुश बदलणे ८,५००. रेडिएटरचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप ३,२००. तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे ११,०००. थर्ड पार्टी विमा ४,०००. एकूण ६९,७०० रुपये, आणि यात पेट्रोल नाही. वर्षभरात गाडी फिरली ४,२०० किलोमीटर, म्हणजे उभ्या खर्चाचेच किलोमीटरला साडेसोळा रुपये झाले. पेट्रोल धरले तर आकडा सत्तावीसच्या घरात जातो. टायर दरवर्षी लागत नाहीत हे खरे, पण ज्या वर्षी टायर लागत नाहीत त्या वर्षी क्लच लागतो. ‘जुनी गाडी स्वस्त पडते’ असे सांगणारा माणस बहुधा वही ठेवत नाही.

दुसरे मोल वेळेचे. दर पंधरा दिवसांनी रविवारची सकाळ, सुमारे तीन तास. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची तेलपातळी, ब्रेकच्या नळ्यांची तपासणी. शिवाय सुटे भाग मिळेपर्यंत थांबणे आलेच. जिप्सीचे बरेच भाग आजही मिळतात, पण काहींसाठी दोन-तीन शहरांत फोन करावे लागतात. कार्बुरेटरची गाडी असेल तर तो नीट जुळवणारा मेकॅनिकही शोधावा लागतो, आणि ती माणसे आता पन्नाशीपुढची आहेत.

कागदपत्रांचाही वेळ यातच धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. माझे २०१८ आणि २०२३ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये आहे. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि त्यानंतर खूप जुन्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली आहे. सेवेतल्या माणसाला यात आणखी एक अडचण असते, ती बदलीची. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथे नव्याने नोंदणी करणे आले. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध आणि त्यांतले फेरबदल अलीकडे सतत चालू आहेत, त्यामुळे तिकडे बदली होण्याची शक्यता असलेल्याने दहादा विचार करावा. आणि फील्ड पोस्टिंग मिळाली म्हणून गाडी गावी झाकून ठेवली, तर ती चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. बॅटरी उतरते, सील सुकतात, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात.

तिसरे मोल धोक्याचे, आणि पालकांनी विचारायला हवे ते हेच. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. गाडी उंच आणि अरुंद आहे, वळणावर वेग चालत नाही. छत कापडी आहे, गाडी उलटली तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून माझे नियम ठरलेले आहेत: ताशी ७० च्या पुढे नाही, रात्री महामार्गावर नाही, आणि मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुलांना बसवून लांबचा प्रवास नाही. कुटुंबाला घेऊन गावी जायचे असेल तर आम्ही रेल्वेने जातो. ‘लष्कराची गाडी, काही होत नाही’ हा समज घातक आहे. गाडी दणकट असते म्हणजे आतला माणूस सुरक्षित असतो असे नाही. अपघातात चुरगळून धक्का शोषून घेणारी नवी गाडी आणि कडक चासीची जुनी गाडी यांत माणसाच्या दृष्टीने नवी गाडीच बरी.

प्रदूषणाचा आक्षेपही रास्त आहे. माझी जिप्सी प्रदूषण तपासणीत पास होते, पण ती तिच्या काळच्या मर्यादांनुसार. आजच्या गाडीइतकी ती स्वच्छ नाही. मी ती कमी चालवतो एवढेच याचे उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते पुरेसे आहे असा माझा दावा नाही.

मग इतके मोजून मिळते काय?

लष्करात गाडीची एक डायरी असते आणि देखभालीची परेड असते. गाडी निघण्यापूर्वी ‘फर्स्ट परेड’: पाणी, तेल, हवा, दिवे, ब्रेक. वाटेत थांबलो की पुन्हा एक फेरी, परत आलो की शेवटची तपासणी. बिघाड होण्याआधी तो शोधायचा, हे त्यामागचे सूत्र. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या आपल्या ईएमई कोरचे ब्रीद ‘कर्म ही धर्म’ आहे. त्याचा अर्थ मला तरी वर्गापेक्षा ग्रीस गन हातात घेतल्यावर जास्त कळला. नवी गाडी स्वतःच दिवा लावून सांगते की माझे काहीतरी बिघडले आहे. जुनी गाडी सांगत नाही. ताशी ५५ ला स्टिअरिंगमध्ये जरा थरथर जाणवली, तर ती टायरच्या बॅलन्सिंगची आहे की किंगपिनची, हे तुम्हालाच चाक उचलून, हलवून, पाहून ठरवावे लागते. कान, हात आणि नाक यांना कामाला लावणारी दुसरी शाळा मला माहीत नाही.

विज्ञानही पुस्तकाबाहेर येते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. तेच तेल ओलावा शोषून बसले की मर्यादा १४० पर्यंत खाली येते. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर त्यात वाफ धरली तर पॅडल मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असलेला टायरसुद्धा वयाने बाद होतो, कारण रबर किलोमीटर मोजत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीचे पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून मी ते दर सहा महिन्यांनी तपासतो. रविवारी चार-पाच कॅडेट टॉर्च धरायला येतात, त्यांना हे सगळे एका बैठकीत कळते. एक केरळचा, एक बिहारचा, एक आपल्या साताऱ्याकडचा. ‘पाना’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकच आहे हे केरळच्या मुलाला फार सोयीचे वाटते.

कुणी म्हणेल, हे शिकायला सत्तर हजार कशाला? बरोबर आहे. कॅडेटने सुरुवात सायकलच्या चेनपासून करावी, बूटांपासून करावी, फायरिंगनंतर चिंदी आणि पुलथ्रू घेऊन रायफल साफ करण्यापासून करावी. ज्याला ही कामे कंटाळवाणी वाटतात त्याला जिप्सीचे फोटो आवडतील, जिप्सी आवडणार नाही.

म्हणून फोन करणाऱ्यांना माझे उत्तर असे. पहिल्या पगारात जुनी गाडी घेऊ नका. आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवा. गाडी पाहायला जाल तेव्हा वरचा रंग न पाहता खाली झोपून चासी पाहा, आणि बरोबर जाणता मेकॅनिक न्या. लिलावातली असेल तर सगळे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. ती ठेवता येत नसेल तर गाडी परवडत नाही असे समजा.

आणि थांबायचे कधी हेही घेतानाच ठरवा. चासी गंजून कमकुवत झाली, ब्रेक किंवा स्टिअरिंगचा खात्रीचा भाग मिळेनासा झाला, किंवा घरातल्या गरजेचा पैसा गाडीकडे वळू लागला, या तिन्हींपैकी एक जरी झाले तरी गाडी सोडायची. २०२८ च्या तपासणीआधी मी स्वतः याच तीन गोष्टी पाहणार आहे, आणि त्यातली एक जरी आढळली तर नूतनीकरण करणार नाही. मन दुखेल, पण लष्करसुद्धा आपल्या गाड्या ठरलेल्या वेळी सेवेतून काढतेच.

पालकांना एवढेच सांगेन की मुलाने जुन्या गाडीचा हट्ट धरला तर लगेच नाही म्हणू नका. त्याच्यासमोर दोनशे पानी वही ठेवा आणि घरातल्या स्कूटरचा सहा महिन्यांचा हिशेब त्याच्याकडून लिहून घ्या: पेट्रोल, हवा, तेल, तारखा. वही पूर्ण भरली तर गाडीचा विषय काढायला हरकत नाही.