सोपे नियम कुणाच्या सोयीचे?

‘नियम जितके थोडे तितका खेळ गोड’ असे म्हणण्याची हल्ली टूम निघाली आहे. टेबलाभोवती बसायचे, कुणी योद्धा तर कुणी मांत्रिक व्हायचे आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, हा ‘रोल-प्लेइंग’ खेळ सुटीत आमच्याही घरी रंगतो. त्याला जाडजूड नियमपुस्तक बरे की एका पानाचे नियम, हा नेहमीचा वाद. शहाणी मंडळी एका पानाच्या बाजूची. मी नाही.

जाड पुस्तकांचा जाच मला ठाऊक आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा सारे तीन छोट्या पुस्तिकांत मावले होते. पुढे त्याच घराण्यात एकेक ठोकळा जन्मला. तलवारीच्या एका वारासाठी चार तक्ते चाळणे म्हणजे लाडू खाण्यापूर्वी बुंदी मोजणे!

पण नियम काढला म्हणून निर्णय नाहीसा होत नाही. तो कागदावरून उठून माणसाच्या जिभेवर जाऊन बसतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली आलेल्या युद्धखेळात फासे होते, तक्ते होते. १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने ते बाजूला सारून निवाडा पंचावर सोपवला. ठीक आहे, तिथला पंच मुरलेला लष्करी अधिकारी. आमच्या घरचा पंच नववीत शिकतो!

गेल्या दिवाळीत एका पानाचा खेळ मांडला होता. थोरला पुतण्या घसा ताणून पराक्रम सांगे, पंच मान डोलवी. धाकटी पुतणी नऊ वर्षांची, लाजरी. ती हळूच म्हणाली, “मी भिंतीवरून उतरते.” पंच म्हणाला, “जमणार नाही.” का? तर त्याला तसे वाटले म्हणून! पोरगी उठून रांगोळीपाशी गेली, ती परत आली नाही.

नाताळच्या सुटीत पुस्तकाचा खेळ झाला. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या अंगचे गुण मिळवायचे, ठरलेला आकडा गाठला की जमले. पंच पुन्हा नाही म्हणाला. पोरीने पानावर बोट ठेवले, “इथं लिहिलंय, फासा टाकायचा!” तिने टाकला आणि ती उतरली.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न नियमाचाच होता. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावता येते काय? धर्माची गती सूक्ष्म म्हणत भीष्मांनीही हात टेकले. तिथे आमच्या नववीतल्या पंचाची काय कथा! आणि वर्गातले नियम फळ्यावर लिहिले नाहीत, तर मास्तरांच्या मर्जीतल्या पोरांचेच फावते. मी मास्तर आहे, मला ठाऊक आहे.

तेव्हा पालकहो, ठोकळाच घ्या असे माझे म्हणणे नाही. बरोबरीचे मित्र असतील तर एक पान पुष्कळ झाले. पण लहानमोठे एकत्र बसणार असतील, तर जमले की फसले हे कसे ठरते, तेवढे लिहिलेले असलेच पाहिजे. आणि ते पान सर्वांत धाकट्याच्या हाती द्या.